साठ वर्षांची साथ

(आपल्या आवडत्या संघावर जन्मभर प्रेम करणारे लोक सर्व जगात आहेत. नागपूरच्या विदर्भ क्रिकेट संघाचे चाहतेही त्यांपैकीच. या संघाने आणि त्याच्या चाहत्यांनी पहिल्या विजेतेपदाची किती वाट पाहिली, ते या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वर्गात क्रिकेटचे वेड नसलेला मुलगा क्वचितच सापडेल. भारताचा सामना असला की सारा मोहल्ला दूरदर्शनसमोर बसतो. भारत जिंकला की फटाके वाजतात, हरला की सर्वांचे चेहरे उतरतात. परंतु देशाचा संघ सोडला तर तुमचा स्वतःचा असा एखादा संघ आहे का? तुमच्या शहराचा, तुमच्या जिल्ह्याचा, तुमच्या शाळेचा? तो हरला तर त्या रात्री तुम्हांला जेवण गोड लागते का?

उर्दूत तुम्ही ज्याला वफादारी म्हणता, त्याला मराठीत निष्ठा म्हणतात. मैदान, बाजी, कुस्ती हे शब्द फारसीतून आले आणि मराठीत कायमचे राहिले. त्यामुळे खेळाविषयी मराठीत बोलताना तुम्हांला परके वाटण्याचे कारण नाही.

आता नागपूरकडे वळू. नागपूरला क्रिकेटची परंपरा जुनी आहे. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी याच शहरात झाला. १९२६ साली मुंबईच्या जिमखाना मैदानावर त्यांनी इंग्लंडहून आलेल्या एम. सी. सी. संघाविरुद्ध १५३ धावा केल्या आणि त्यांत ११ षटकार मारले. १९३२ साली इंग्लंडमधील लॉर्ड्स मैदानावर भारत आपला पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हा संघाचे नेतृत्व त्यांच्याकडेच होते. पण तोपर्यंत नायडू नागपूरचे राहिले नव्हते. होळकर महाराजांच्या बोलावण्यावरून ते इंदूरला गेले होते. पुढे इंदूरच्या होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. नागपूरचा मुलगा मोठा झाला आणि करंडक इंदूरला गेला! होळकर हे नाव लक्षात ठेवा, ते या पाठात पुन्हा येणार आहे.

त्या काळी मुंबईत एक फार लोकप्रिय स्पर्धा भरत असे. तिच्यात हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन असे धर्मावर आणि जातीवर संघ असत. सामन्यांना तुफान गर्दी होई. पण खेळाच्या मैदानावर धर्माची विभागणी करावी हे अनेकांना पटत नव्हते. १९४० साली महात्मा गांधींनीही या स्पर्धेविरुद्ध मत दिले. १९४६ नंतर ती स्पर्धा बंद झाली. त्याआधीच, १९३४-३५ साली रणजी करंडक स्पर्धा सुरू झाली होती. तिच्यातील संघ प्रांतांचे होते. एका गावचे लोक, त्यांचा धर्म कोणताही असो, एकाच संघासाठी टाळ्या वाजवू लागले. मला वाटते, भारतीय क्रिकेटमधील कितीतरी मोठ्या खेळींपेक्षा हा बदल मोठा होता.

विदर्भाचा संघ १९५७-५८ साली रणजी करंडक स्पर्धेत प्रथम उतरला. त्याच्या वर्षभर आधीपर्यंत नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. राज्य एक झाले, पण क्रिकेटचे संघ तीन राहिले. मुंबईचा, महाराष्ट्राचा आणि विदर्भाचा. या तिघांत मुंबई म्हणजे थोरला भाऊ. त्याच्याकडे विजेतेपदांचा ढीग. धाकट्या विदर्भाकडे मात्र काहीच नव्हते.

अशा संघावर प्रेम करणारा मनुष्य कसा असेल? मोमिनपुऱ्यातील एखादे बुजुर्ग डोळ्यांसमोर आणा. विदर्भ पहिला सामना खेळला तेव्हा ते दहा वर्षांचे होते. पायी चालत सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर जात. सोबत पाण्याची बाटली आणि खिशात भाजलेले शेंगदाणे. रणजी सामन्याला गर्दी ती किती असणार! पाच-पन्नास माणसे, झाडाखाली बसलेली. कोणी पेन्शनर, कोणी कॉलेजला दांडी मारलेला विद्यार्थी. समोर रेल्वेचा संघ, राजस्थानचा संघ किंवा उत्तर प्रदेशाचा संघ आणि बहुतेक वेळा विदर्भाची हार. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

एक दिवस त्यांचा नातू त्यांना विचारतो, "नानाजान, तुमचा संघ दरवर्षी हरतो. तुम्ही मुंबईच्या बाजूने का होत नाही? ते नेहमी जिंकतात."

म्हातारा हसतो आणि म्हणतो, "बेटा, आपले छप्पर गळते म्हणून कोणी शेजाऱ्याच्या घरात राहायला जातो का?"

ही गोष्ट कल्पनेतली आहे. पण असे बुजुर्ग नागपुरात, अमरावतीत, अकोल्यात कितीतरी असतील.

नागपूरच्या लोकांनी मोठे सामने पाहिले नाहीत असे नाही. १९६९ साली येथे पहिला कसोटी सामना झाला आणि न्यूझीलंडने तो जिंकला. ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी विश्वचषकाच्या सामन्यात चेतन शर्माने न्यूझीलंडचे तीन फलंदाज लागोपाठच्या तीन चेंडूंवर त्रिफळाचीत केले. विश्वचषकातील ती पहिली हॅट्ट्रिक. त्याच दिवशी सुनील गावसकरांनी एकदिवसीय क्रिकेटमधले आपले एकुलते एक शतक ठोकले. तारीख पाहिलीत? नायडूंचा जन्मदिवस! पण त्या दिवशी खचाखच भरलेले मैदान भारताचा जयजयकार करत होते. विदर्भाच्या सामन्याला तेच मैदान रिकामे असे. मोठ्या लग्नात सारेच येतात. घरच्या आजारपणात रात्रभर जागणारे थोडेच असतात.

हळूहळू दिवस पालटले. नागपूरच्या दक्षिणेला वर्धा रस्त्यावर जामठा येथे नवे भव्य मैदान तयार झाले. तेथे २००८ साली पहिला कसोटी सामना झाला. मुलांच्या प्रशिक्षणाकडे लक्ष दिले जाऊ लागले. २०११ साली कोळसा खाणीत काम करणाऱ्या वडिलांचा मुलगा उमेश यादव भारताकडून कसोटी सामना खेळला. विदर्भाकडून खेळता खेळता कसोटी संघात पोचलेला तो पहिला खेळाडू.

आणि याच संघात फैज फजल होता. हा नागपूरचाच डावखुरा सलामीचा फलंदाज. वयाच्या अठराव्या वर्षी पहिल्याच रणजी सामन्यात त्याने शतक केले. मध्यंतरी काही काळ तो रेल्वेच्या संघाकडून खेळला आणि पुन्हा घरी परतला. धावा करत राहिला, पण भारताच्या संघाचे दार काही उघडेना. अखेर जून २०१६ मध्ये हरारे येथे झिंबाब्वेविरुद्ध त्याला एक सामना मिळाला. त्यात त्याने नाबाद ५५ धावा केल्या. भारत दहा गडी राखून जिंकला. यानंतर फैजला भारताकडून दुसरा सामना कधीच मिळाला नाही. दुसरा एखादा कडवट झाला असता. फैज नागपूरला आला आणि विदर्भासाठी पुन्हा बॅट हातात घेतली.

२०१७-१८ चा हंगाम सुरू झाला. कर्णधार फैज फजल. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, शिस्तीचे फार कडक. सोबतीला मुंबईचा जुना जाणता फलंदाज वसीम जाफर. संघ एकेक सामना जिंकत उपान्त्य फेरीत पोचला. कोलकात्याच्या ईडन गार्डन्स मैदानावर समोर कर्नाटक होते. विदर्भाचा पहिला डाव १८५ धावांत आटोपला. कर्नाटकने ३०१ धावा केल्या. त्यांत एकट्या करुण नायरच्या १५३. जुन्या चाहत्यांनी मान हलवली असेल : झाले, नेहमीचेच!

पण विदर्भाने दुसऱ्या डावात ३१३ धावा काढल्या. कर्नाटकला जिंकायला १९८ धावा हव्या होत्या. चौथ्या दिवसअखेर त्यांचे सात गडी १११ धावांत बाद झाले होते. शेवटच्या दिवशी सकाळी उरले होते तीन गडी आणि ८७ धावा. काम सोपे वाटत होते, पण तसे ते नव्हते. कर्नाटकचे शेपूट वळवळू लागले. आठवा गडी गेला, तरी नववी जोडी जमली. दहा धावा, वीस धावा, तीस धावा. नागपुरात दुकानदार गिऱ्हाइकाला सोडून मोबाइलच्या पडद्यावर डोळे लावून बसले असतील. रजनीश गुरबानी या तरुण गोलंदाजाच्या हातात चेंडू होता. हा शिकलेला इंजिनियर. अंगाने धिप्पाड नाही, वेगही फार भयंकर नाही, पण चेंडू दोन्ही बाजूंना वळवण्यात तरबेज. शेवटचे तिन्ही गडी त्यानेच टिपले. कर्नाटक सर्वबाद १९२. विदर्भ पाच धावांनी जिंकला. साठ वर्षांनंतर संघ प्रथमच अंतिम सामन्यात पोचला. तोही केवळ पाच धावांच्या अंतराने!

अंतिम सामना कोठे होता ठाऊक आहे? इंदूरच्या होळकर मैदानावर. नायडू ज्या होळकरांकडे गेले होते, त्यांच्याच नावाचे ते मैदान. समोर दिल्लीचा बलाढ्य संघ. दिल्लीच्या ध्रुव शोरीने १४५ धावा केल्या, परंतु गुरबानीने हॅट्ट्रिकसह सहा बळी घेतले आणि दिल्लीचा डाव २९५ वर संपला. यष्टिरक्षक अक्षय वाडकरने १३३ धावा केल्या व विदर्भाने ५४७ धावांचा डोंगर उभारला. १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने नऊ गडी राखून सामना जिंकला. नव्या वर्षाचा पहिला दिवस आणि संघाच्या आयुष्यातला पहिला रणजी करंडक. दहाव्या वर्षी झाडाखाली बसलेला तो मुलगा आता सत्तर वर्षांचा झाला होता.

पहिला विजय नशिबाने मिळाला, असे म्हणणारेही होतेच. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, जामठ्याला आपल्या घरच्या मैदानावर विदर्भाने सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून करंडक राखला. आदित्य सरवटेने त्या सामन्यात ११ गडी बाद केले. चेतेश्वर पुजारासारख्या कसलेल्या फलंदाजाला त्याने दोन्ही डावांत मिळून अवघी एक धाव करू दिली. लगेच इराणी करंडकही विदर्भाने जिंकला. त्याच्या बक्षिसाची रक्कम पुलवामा येथे शहीद झालेल्या जवानांच्या कुटुंबांना देण्याचे फैज फजलने जाहीर केले.

येथे थोडे थांबू. संघावरच्या प्रेमाची दुसरी बाजूही तुम्हांला माहीत असली पाहिजे. कोलकात्यात फुटबॉलचे वेड फार. मोहन बागान हा क्लब १८८९ सालचा. १९११ साली बहुतेक खेळाडू अनवाणी असलेल्या त्याच्या संघाने गोऱ्या सैनिकांच्या संघाला हरवले आणि देशभर आनंद झाला. मोहमेडन स्पोर्टिंगने १९३४ पासून ओळीने पाच वर्षे कलकत्ता लीग जिंकली. ईस्ट बंगालची स्थापना १९२० ची. मोहन बागान जिंकला की त्याच्या चाहत्यांच्या घरी कोळंबी शिजते, ईस्ट बंगाल जिंकला की हिलसा मासा, अशी तेथील गंमत. पण १६ ऑगस्ट १९८० रोजी याच दोन संघांच्या सामन्यात प्रेक्षकांत हाणामारी झाली, चेंगराचेंगरी झाली आणि १६ जण मरण पावले. सकाळी घरून सामना पाहायला निघालेली माणसे परत आलीच नाहीत. ती घटना घडली तेच ईडन गार्डन्स, जेथे पुढे विदर्भाने पाच धावांनी विजय मिळवला.

याच्या उलट एक प्रसंग ऐका. ३१ जानेवारी १९९९. चेन्नईत भारत आणि पाकिस्तान यांचा कसोटी सामना. सचिन तेंडुलकरने १३६ धावा करून भारताला विजयाच्या दारापर्यंत नेले, पण तो बाद झाला आणि भारत अवघ्या १२ धावांनी हरला. क्षणभर मैदानावर स्मशानशांतता पसरली. मग लोक एकेक करून उभे राहिले आणि पाकिस्तानच्या खेळाडूंसाठी टाळ्या वाजवू लागले. वसीम अक्रमच्या संघाने मैदानाला फेरी मारून त्या टाळ्या स्वीकारल्या. त्या हजारो लोकांपैकी एकाचेही भारतावरचे प्रेम त्या दिवशी कमी झाले असेल का?

नागपूरच्या शेजारी कामठी आहे. तेथे क्रिकेटपेक्षा फुटबॉलची चर्चा जास्त. कामठीच्या रब्बानी क्लबचा सामना असला की संध्याकाळी मैदानाच्या कडेने माणसांची भिंत उभी राहते. तुमच्यापैकी कोणी कामठीचे असाल तर हे मी तुम्हांला सांगायला नको!

पुन्हा विदर्भाकडे येऊ. मार्च २०२४ मध्ये संघ पुन्हा अंतिम सामन्यात पोचला. या वेळी मुंबईशी, मुंबईतच. जिंकायला ५३८ धावा हव्या होत्या. कोणी आशा धरली नव्हती. तरी कर्णधार अक्षय वाडकरने शतक केले आणि विदर्भाने ३६८ पर्यंत मजल मारली. मुंबईचे ते बेचाळिसावे विजेतेपद. त्याच हंगामात फैज फजलने निवृत्ती घेतली.

पुढच्या वर्षी उपान्त्य सामन्यात विदर्भाने जामठ्याला याच मुंबईला ८० धावांनी हरवले. अंतिम सामन्यात समोर केरळ होते. केरळ या नावाने तो संघही १९५७-५८ पासूनच रणजी खेळतो आहे आणि अंतिम सामन्यात तो प्रथमच आला होता. म्हणजे त्यांच्या चाहत्यांनी आपल्यापेक्षाही अधिक वर्षे वाट पाहिली होती! विदर्भाने ३७९ धावा केल्या. त्यांत तरुण दानिश मालेवारच्या १५३. केरळचा कर्णधार सचिन बेबी ९८ वर बाद झाला आणि केरळचा डाव ३४२ वर संपला. रणजीच्या अंतिम सामन्यात निकाल लागला नाही तर पहिल्या डावात ज्याच्या धावा अधिक, तो संघ विजेता ठरतो. ३७ धावांच्या आघाडीवर २ मार्च २०२५ रोजी विदर्भ तिसऱ्यांदा विजेता झाला. या वेळी प्रशिक्षक होते नागपूरचेच उस्मान गनी. हर्ष दुबे या फिरकी गोलंदाजाने हंगामात ६९ बळी घेऊन नवा विक्रम केला.

या अंतिम सामन्यात दुसऱ्या डावात १३५ धावा करून विदर्भाचा विजय पक्का करणारा फलंदाज कोण होता? करुण नायर! होय, तोच, ज्याने ईडन गार्डन्सवर विदर्भाविरुद्ध १५३ धावा काढल्या होत्या. २०२३ मध्ये तो विदर्भाच्या संघात आला होता. आणि सलामीला खेळणारा ध्रुव शोरी? तोही तोच, इंदूरला दिल्लीकडून शतक करणारा. तीच माणसे, टोप्या मात्र बदललेल्या. सात वर्षांपूर्वी ज्यांच्या नावाने बोटे मोडली, त्यांच्याच प्रत्येक धावेला आता नागपूरकर टाळ्या वाजवत होते. खेळाडूला पोट असते, संधी हवी असते. तो आज या गावी, उद्या त्या गावी. प्रेक्षक मात्र आपल्या जागेवरच बसलेला असतो.

२०२५-२६ च्या हंगामात करुण नायर पुन्हा आपल्या कर्नाटक संघात गेला. उद्या तो जामठ्याला कर्नाटककडून खेळायला आला आणि त्याने शतक केले, तर तुम्ही टाळ्या वाजवाल का? आपल्या मित्रांना विचारा आणि काय उत्तर मिळते ते वहीत लिहा.

शब्दार्थ
निष्ठा – वफादारी, पक्के प्रेम
उपान्त्य फेरी – अंतिम सामन्याच्या आधीची फेरी
यष्टिरक्षक – यष्ट्यांमागे उभा राहून चेंडू अडवणारा खेळाडू
त्रिफळाचीत करणे – चेंडू यष्ट्यांवर मारून फलंदाजाला बाद करणे
तरबेज – निष्णात
कसलेला – अनुभवाने तयार झालेला
बोटे मोडणे – दोष देणे, शाप देणे
मजल मारणे – दूरपर्यंत पोचणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) विदर्भाचा संघ रणजी करंडक स्पर्धेत प्रथम केव्हा उतरला?
(आ) विदर्भाने पहिला रणजी करंडक कोणत्या मैदानावर जिंकला?
(इ) फैज फजल भारताकडून किती सामने खेळला?
२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मुंबईतील जुनी स्पर्धा आणि रणजी करंडक स्पर्धा यांत कोणता फरक होता?
(आ) "आपले छप्पर गळते म्हणून कोणी शेजाऱ्याच्या घरात राहायला जातो का?" असे म्हातारा का म्हणतो?
(इ) कोलकात्याचा १९८० चा प्रसंग आणि चेन्नईचा १९९९ चा प्रसंग यांतील फरक सांगा.
३. वाक्यांत उपयोग करा : चेहरा उतरणे, मजल मारणे, दिवस पालटणे.
४. मैदान, बाजी, कुस्ती यांसारखे उर्दू व मराठी या दोन्ही भाषांत असलेले आणखी पाच शब्द शोधा.
५. घरातील किंवा मोहल्ल्यातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला त्यांच्या आवडत्या संघाविषयी विचारा व ती माहिती दहा ओळींत लिहा.